मागचं दार: चिलखती गाड्यांच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024

वेल्डिंगच्या शेडला लागून कापसाचं जुनं गोदाम रिकामं पडून आहे. त्यात चिलखती गाड्यांचे लोखंडी नमुने करून मांडायचे, असं आज मामाजींशी बोलून पक्कं झालं. मामाजी ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कामठीच्या सेंटरला शिकले आणि पुढची सारी नोकरी बीएमपीच्या, म्हणजे जवान नेणाऱ्या आणि स्वतःही लढणाऱ्या चिलखती गाडीच्या, ड्रायव्हर सीटवर काढली. माझं काम ट्रॉल्या, वखर, पेरणीयंत्रं बांधायचं. त्यांच्याजवळ माहिती आहे, माझ्याजवळ ग्राइंडर आणि लेथ आहे.

प्रमाण 1:10 ठेवलं. शाळेतल्या गणिताच्या सरांनी त्यातली एक गंमत दाखवली आणि तिथूनच प्रकल्पाला खरं वळण मिळालं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट कमी झाल्या की वजन हजारपट कमी होतं. म्हणजे पत्र्याची जाडीसुद्धा दहाव्या हिश्शाने धरली आणि आतला भार नीट भरला, तर जितके टन खरी गाडी, तितके किलो नमुना. रशियन टँक टी-55 छत्तीस टनांची, नमुना 36 किलोचा. बीएमपी-2 साधारण 14.3 टनांची, नमुना 14 किलो 300 ग्रॅमचा. टेहळणीची ब्रिटिश गाडी फेरेट चार टनांच्या आसपास, ती एका हाताने उचलता येईल.

बाजारातले प्लास्टिकचे किट सुंदर असतात, कारागिरी त्यांचीच. पण त्यात टँक आणि जवान नेणारी गाडी हातात सारख्याच हलक्या लागतात. बीएमपी-2 ची लांबी 6.7 मीटर. टी-72 या टँकची तोफ सोडली तर तिची लांबीही तेवढीच, सात मीटरच्या आत. चित्रात दोघी बहिणी दिसतात. उचलायला गेलं की एक 14 किलो आणि दुसरी 41 किलो. हा फरक पोरांच्या हाताला कळला पाहिजे. म्हणून प्रत्येक नमुना काट्यावर वजन करूनच मांडायचा.

10 ऑक्टोबर

यादी करायला बसलो. माझ्या मनात ट्रॅकवाल्या (चाकांवर लोखंडी कड्यांचा पट्टा असलेल्या) एका बाजूला आणि चाकांच्या दुसऱ्या बाजूला अशी मांडणी होती. मामाजींनी ती मोडून काढली.

"पाह्य बापू, गाडी समोरून नको पाहू. मागून पाह्य. मागं दार असलं त समज का आतून माणसं उतरतात. दार नसलं त ते गाडी आपली तोफ घेऊन एकटीच लढते."

नंतर त्यांनी पाटीवर इंजिनाची जागा काढून दाखवली आणि सगळा उलगडा झाला. दार कुठे ठेवायचं ते इंजिन ठरवतं. टी-55, टी-72, विजयंता, सेंच्युरियन या सगळ्यांचं इंजिन मागे. पुढच्या जाड चिलखतामागे माणसं आणि तोफ, शेपटीला इंजिन. मागे दाराला जागाच नाही, आणि त्याची गरजही नाही. टी-72 मध्ये तिघंच बसतात, कारण गोळा यंत्र भरतं. टी-55 मध्ये चौघं, कारण लोडर लागतो. हे सगळे वरच्या झाकणातून चढतात-उतरतात.

बीएमपी-2 चं इंजिन पुढे उजव्या हाताला. 300 अश्वशक्तीचं. डावीकडे ड्रायव्हर. त्यामुळे मागचा अर्धा भाग मोकळा राहतो. तिथे जवान पाठीला पाठ लावून दोन रांगांत बसतात आणि मागच्या दोन दारांतून जमिनीवर उतरतात. चालवणारे तिघं, उतरणारे सात. 30 मिमीची तोफ आणि रणगाडाभेदी क्षेपणास्त्र यासाठी की उतरलेल्या जवानांना मागून आधार मिळावा. अमेरिकन एम-113 चंही इंजिन पुढे, मागे मोठा उतरता फळा. पण तिच्यावर साधी मशीनगन. ती जवानांना लढाईच्या तोंडाशी आणून सोडते आणि बाजूला होते. बीएमपी सोडून जात नाही, जवानांसोबत लढते. दोघींच्या मागे दार असलं तरी दोघींचं काम निराळं आहे, हे मामाजी परत परत सांगतात. त्यांना ते फार लागतं, कारण त्यांच्या गाडीतून उतरलेली माणसं त्यांनी मोजून परत घेतलेली आहेत.

याला अपवाद आहेत आणि अपवादांतच जास्त शिकायला मिळतं. रशियन बीटीआर-60 जवान नेणारी आठ चाकांची गाडी, पण तिचं इंजिन मागे. एक नव्हे, दोन पेट्रोल इंजिनं. म्हणून जवानांनी वरच्या नाहीतर बाजूच्या झाकणातून बाहेर पडायचं, गोळ्या चालू असताना, गाडीच्या आडोशाशिवाय. चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडने मिळून बनवलेली आठ चाकांची स्कॉट आपल्या सैन्याने वापरली. तिने इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे सरकवलं आणि मागे दोन दारं काढली. उलट बाजूचं उदाहरण इस्रायलच्या मर्कावाचं: पूर्ण वजनाचा टँक, पण इंजिन पुढे आणि मागे दार.

यादी अजून पक्की नाही. पण प्रत्येक नमुना पाठमोरा मांडायचा हे आजच ठरवून टाकलं.

19 ऑक्टोबर

गावात बातमी पसरली की आम्ही टँक विकत घेऊन राहिलो. दोघं-तिघं शेडवर विचारायला आले. त्यामुळे हा विषय एकदा नीट लिहून ठेवतो.

आपल्या देशात तोफ असलेली गाडी हौशी माणसाला घेता येत नाही. 1959 चा शस्त्र कायदा त्याच्या आड येतो, आणि तो यावाच. सेवेतून काढलेले रणगाडे संरक्षण मंत्रालय संस्थांना, नगरपालिकांना प्रदर्शनासाठी देतं. चौकात, शाळेच्या मैदानात दिसतात ते हेच. खाजगी माणसाला लिलावात मिळतात त्या बिनचिलखती गाड्या: जीप, जोंगा (जीपसारखीच लष्करी गाडी), ट्रक.

बाहेर वेगळं आहे. ब्रिटनमध्ये तोफ कायमची निकामी केलेली असेल तर माणूस टँक घरी ठेवू शकतो. रस्त्यावर चालवायला ट्रॅकच्या गाडीचा एच वर्गाचा परवाना लागतो. तिथल्या हौशी लोकांत फेरेट फार लाडकी, आणि कारण सरळ आहे. चार टनांची, दोन माणसांची, चार चाकांची गाडी, रोल्स रॉयसचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. साध्या शेडमध्ये मावते, टायर बदलता येतात. पाच गिअर जसे पुढे, तसेच पाचही मागे. टेहळणी करणाऱ्या गाडीला वळून पळायला वेळ नसतो, म्हणून ती उलटीही तितक्याच वेगात जाते. टँकचं तसं नाही. तो विकत घेणं सोपं, सांभाळणं महाग. ट्रॅकच्या कड्या आणि पिना झिजतात, इंजिन काढायला क्रेन लागते, गावाला न्यायचा म्हटला तर लोबेड ट्रेलर.

कॅलिफोर्नियात जॅक्स लिटलफील्ड या गृहस्थाने आपल्या जमिनीवर 200 हून जास्त लष्करी गाड्या जमवल्या आणि त्यातल्या कितीतरी चालत्या केल्या. 2009 मध्ये ते गेले. पुढे संग्रह एका संस्थेकडे गेला आणि 2014 मध्ये बहुतेक गाड्यांचा लिलाव झाला. हे वाचून मला चुटपूट लागली. एका माणसाच्या जिवावर उभा राहिलेला संग्रह त्याच्यामागे टिकत नाही. आपलं गोदाम लहान आहे, पण ते पहिल्या दिवसापासून शाळेच्या आणि वाचनालयाच्या नावाने चालावं असं मला वाटतं. मामाजींना हे पटलं. सरपंचांशी बोलायचं आहे.

जर्मनीत 2015 साली कील शहराजवळ एका म्हाताऱ्याच्या बंगल्याच्या तळघरात दुसऱ्या महायुद्धातला पँथर टँक निघाला. साधारण 45 टनांचा. बाहेर काढायला सैन्याला बोलवावं लागलं आणि जवळपास नऊ तास लागले. कोर्टात वाद चालला तो शस्त्र खरंच निकामी होतं का यावर. 2021 मध्ये अडीच लाख युरोचा दंड झाला. संग्राहकाने ज्याचा कागद दाखवता येईल तेच ठेवावं.

9 नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. पहिलं काम टी-55. खऱ्या गाडीच्या पुढच्या तिरप्या पोलादाची जाडी साधारण 100 मिमी, बाजूची 80, बुरुजाच्या (तोफ बसते तो वरचा फिरता भाग) तोंडाची 200. दहाव्या हिश्शाने 10, 8 आणि 20 मिमी. 20 मिमीचा तुकडा भंगारातून निघाला. तो गोलाकार आणायला लेथवर अख्खा दिवस गेला. तळाला आणि छताला 2 ते 3 मिमी पुरे. चिलखत सगळीकडे सारखं नसतं, जिथून मार येणार तिथेच जाड. सुरुंग खालून येतो तेव्हा हाच पातळ तळ नडतो.

चाकांच्या जागा मार्क केल्या. पाच मोठी चाकं, पहिल्या आणि दुसऱ्यात मोठं अंतर. टी-62 मध्ये हे अंतर मागच्या चाकांत सरकतं. टी-72 ला सहा चाकं आणि वर ट्रॅक पेलायला लहान रोलर, अर्जुनला सात. बुरूज झाकलेला असला तरी चाकं मोजून गाडी ओळखता येते.

16 नोव्हेंबर

निवडणुकीमुळे आठवडाभर प्रचाराच्या गाड्यांवर भोंग्याचे स्टँड बसवण्यात गेला. रात्री लाइन राहिली तेवढा वेळ बीएमपी.

बीएमपीच्या बाजूचं पोलाद 16 ते 18 मिमी. दहाव्या हिश्शाने 1.6 मिमी, म्हणजे 16 गेजचा पत्रा. मी ट्रॉलीच्या फळ्याला वापरतो तोच. पत्रा वाकवून पहिली बाजू उभी केली आणि शेजारी टी-55 ची 8 मिमीची प्लेट ठेवली. मामाजी दोन्हींवरून बोटं फिरवत बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, इतकी वर्षं मी या पत्र्यामागं बसलो, पण शेजारी टँकचा पत्रा ठेवून कधी पाहिला नव्हता. रायफलची गोळी आणि तोफगोळ्याच्या कपच्या अडवायला हे पोलाद केलेलं आहे. टँकच्या तोफेपुढे ते टिकत नाही आणि टिकावं अशी अपेक्षाही नाही. तेवढं जाड केलं असतं तर गाडी पाण्यात तरंगली नसती. बीएमपी नदीत उतरते, पुढची फळी उभी करते आणि ट्रॅक फिरवतच पोहत जाते. चिलखताचा प्रत्येक मिलिमीटर कुठल्या तरी दुसऱ्या गुणातून वजा होतो.

मागच्या दोन दारांत मामाजींनी एक गोष्ट करायला लावली. खऱ्या गाडीची मागची दारं पोकळ असतात आणि त्यात डिझेल भरतात. मुख्य टाकी तर जवानांच्या दोन रांगांच्या मधोमध. मी दारं दुहेरी पत्र्याची केली आणि एका दाराचा आतला पत्रा कापून काच बसवली, पोकळी दिसावी म्हणून. लढाईला जाताना दारातलं इंधन ठेवत नाहीत, असं मामाजी म्हणाले.

ट्रॅकचा प्रश्न सुटला. टी-55 च्या ट्रॅकची एक कडी 137 मिमीची. सायकलच्या चेनची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिमी. दहाव्या हिश्शाला जवळजवळ जुळते. दोन चेनी समांतर ठेवून प्रत्येक कडीवर लोखंडी पट्टीला टाका मारायचा. टाका मारला की उष्णतेने कडी जाम होते, म्हणून चार कड्या झाल्या की चेन जळक्या ऑइलमध्ये बुडवून हाताने वाकवून मोकळी करायची आणि मग पुढचे टाके. काम किचकट आहे, पण चाकावर चढवलेला ट्रॅक पहिल्यांदा फिरला तेव्हा जो आवाज आला त्याने सगळा शीण गेला. बीएमपीला अरुंद ट्रॅक, 3 सेंटिमीटरचा, तिथे चेनी जवळ जवळ घेतल्या.

23 नोव्हेंबर

आज एक ओळखीचा भंगारवाला पोत्यातून तोफगोळ्याची पितळी पुंगळी आणि एक गंजलेला जड तुकडा घेऊन आला. संग्रहात ठेवा म्हणाला. मी त्याला शेडच्या बाहेरच थांबवलं, पोतं हळू खाली ठेवायला सांगितलं आणि पोलीस पाटलांना फोन केला. पुढचं त्यांनी पाहिलं.

हे मी रागाने नाही, भीतीने लिहितो आहे. पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्याच जिल्ह्यात. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर तिथल्या आगीत आणि स्फोटात जवान, अधिकारी आणि अग्निशमन कर्मचारी गेले. 20 नोव्हेंबर 2018 ला जुना दारूगोळा नष्ट करायच्या जागेवर स्फोट होऊन सहा जण गेले, त्यात रोजंदारीने कामाला गेलेले आसपासच्या गावचे लोक होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांना हे दिवस नुसते ऐकून माहीत नाहीत, त्यांनी ते सोसले आहेत.

म्हणून गोदामाच्या दारावर पाटी लावली: या संग्रहात खरा दारूगोळा, पुंगळी, फ्यूज, गोळ्याचा तुकडा काहीही घेतलं जाणार नाही. रानात असं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. पाटी आधी कागदावर होती, ती पत्र्यावर रंगवून घेतली.

8 डिसेंबर

महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुलगावहून नगर, आताचं अहिल्यानगर. मामाजी, गणिताचे सर आणि मी. कॅव्हलरी टँक म्युझियम 1994 पासून आहे आणि आर्मर्ड कोअरचं, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलाचं, घर नगरच, त्यामुळे ज्याला हा विषय शिकायचा त्याने आधी तिथे जावं. माप घ्यायला टेप नेला होता, पण डोळ्यांनीच जास्त काम झालं.

रोल्स रॉयसच्या सिल्व्हर घोस्ट मोटारीवर चढवलेलं चिलखत पाहिलं. तिथे कळतं की सुरुवात मोटारीला पत्रा मारण्यापासून झाली. मग मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल. पायदळासोबत चालत्या वेगाने जायचे हे टँक, म्हणून जाड आणि संथ. त्यांच्या शेजारी जपानी चि-हा किती बारीक वाटतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हलका, मध्यम, पायदळी, घोडदळी असे टँकचे वेगवेगळे वर्ग होते. सेंच्युरियनपासून एकाच गाडीने ही सगळी कामं उचलली. 1965 मध्ये असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन टँकांसमोर आणि 1971 मध्ये बसंतरला हाच सेंच्युरियन होता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमध्येच लढत गेले. वय 21. मामाजींनी टोपी काढली. आम्हीही थांबलो.

मी सर्वांत जास्त वेळ पीटी-76 पाशी घालवला. वजन 14 टनांच्या आसपास, जवळपास बीएमपी-2 इतकंच. दोन्ही पाण्यात चालतात. मग फरक कुठे? मागे जा. पीटी-76 च्या शेपटीला दार नाही, दोन गोल तोंडं आहेत. त्यातून पाण्याचा झोत मागे फेकून ती पोहते. आत तिघंच, पण 76 मिमीची तोफ. ती हलका टँक आहे, नदीपार शत्रू हुडकायची. 1971 च्या नोव्हेंबरात गरीबपूरला 45 कॅव्हलरीच्या पीटी-76 नी पाकिस्तानच्या चाफी टँकांना तोंड दिलं. बांगलादेशातल्या नद्यांच्या मुलखात पन्नास टनांचा सेंच्युरियन कामाचा नव्हता.

तोफखान्याच्या गाड्यांचा घोळ परतीच्या गाडीत मिटला. दुसऱ्या महायुद्धातली सेक्स्टन, नंतरची ब्रिटिश ॲबट, आताची के-9 वज्र. ट्रॅक आहे, तोफ आहे, ॲबट आणि वज्रला बुरूजही आहे, वज्रचं वजन तर पन्नास टनांच्या घरात. तरी टँक नाहीत. वज्रचं इंजिन पुढे आणि मागे दार. पण त्या दारातून माणसं लढायला उतरत नाहीत, गोळे आत घेतले जातात. ती 155 मिमीची तोफ कित्येक किलोमीटर मागे उभी राहून डोंगरापलीकडे मारते. समोरून तोफगोळा खायची वेळ तिच्यावर येऊ नये, म्हणून तिचं चिलखत कपच्यांपुरतं. मामाजींच्या दाराच्या नियमात मी एक ओळ वाढवली: दारातून काय आत जातं, तेही बघा. त्यांना ती आवडली.

22 डिसेंबर

पऱ्हाटीची वेचणी जोरात, मजुरांच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती जोरात. प्रकल्पाला वेळ थोडा. बीएमपी काट्यावर 13 किलोला भरली. आत शिशाचा तुकडा इंजिनाच्या जागी ठेवून वजन पुरं केलं. वजन कुठे ठेवतो तेही महत्त्वाचं, नाहीतर गाडीचा तोल खोटा होतो.

30 डिसेंबर

गडचिरोलीत पोलिसात असलेला गावचा पोरगा सुट्टीवर आला होता. त्याने सुरुंगरोधक गाडीचा नमुना यादीत नसल्याचं बघून विचारलं, भाऊ, विदर्भात खरोखर चालते ती चिलखती गाडी तर हीच आहे न? त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. यादीत पहिल्या पाचांत घेतली.

ही गाडी टँक-बीएमपीच्या नात्यातली नाहीच. तिचा जन्म दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पीरसारख्या गाड्यांतून झाला. आपल्याकडची आदित्य त्याच घराण्यातली. चार मोठी चाकं, उंच अंग आणि तळ नांगराच्या फाळासारखा खाली टोकदार. स्फोट खालून आला की सपाट तळ सगळा मार छातीवर घेतो. तिरपा तळ तो दोन्ही बाजूंना वळवतो. चाक, धुरा उडून जातात, आतली माणसं वाचायची शक्यता वाढते. टँकचा पुढचा भाग जाड, हिचा तळ तिरपा. मार कुठून येणार, यावर सगळी घडण. दार मागेच.

1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ खाजगी गाडीतून जाणारे 15 पोलीस जवान आणि चालक भूसुरुंगात गेले. त्या पोराने त्यातल्या एकासोबत ट्रेनिंग केलं होतं. तो नमुन्याचा तळ स्वतः कापायला बसला. 12 गेजचा पत्रा मधोमध वाकवून त्याने जो कोन काढला तो पाटीवरच्या चित्राशी ताडून पाहिला, बरोबर होता.

या नमुन्याखाली मी आरसा बसवणार आहे, तळ वाकून न बघता दिसावा म्हणून.

5 जानेवारी 2025

चाकं की ट्रॅक, याचा निकाल काळ्या मातीतच लावायचा होता. आमच्याकडे पावसाळ्यात वावरात ट्रॅक्टर फसतो आणि मग तो काढायला दुसरा ट्रॅक्टर. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की 1:10 मध्ये वजन हजारपट कमी होतं पण जमिनीला टेकणारी जागा शंभरपटच कमी होते. म्हणजे नमुना जमिनीवर खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाइतकाच दाब देतो. खरा दाब हवा असेल तर नमुन्याच्या वजनाच्या दहापट भार हवा.

वावरातली माती भिजवून लोखंडी पेटीत वीतभर थर दिला. बीएमपीवर एकूण 140 किलोच्या आसपास: नमुना आणि सिमेंटची अडीच पोती. टी-55 वर 360 किलो: नमुना आणि साडेसहा पोती, ट्रॉलीच्या चौकटीत बांधून. बीटीआर-60 चं नुसतं सांगाडं केलं, आठ चाकं ठोस रबराची, एकूण 100 किलो.

बीटीआरची चाकं सरळ आत गेली, तळ मातीला टेकला. खरी बीटीआर इतकी वाईट नाही, तिच्यात ड्रायव्हर बसल्या जागी टायरची हवा कमी करून टेकणारी जागा वाढवू शकतो. ठोस रबराने ते दाखवता येत नाही, पाटीवर लिहिलं आहे. खरी मजा पुढे आली. बीएमपी आणि टी-55 यांच्या वजनात अडीचपट फरक, पण माती दबली ती थोड्याच फरकाने. हिशोब केला तर बीएमपीचा दाब एका चौरस सेंटिमीटरला 0.65 किलोच्या आसपास, टी-55 चा 0.8 च्या आसपास. टी-55 चा ट्रॅक जवळपास दुप्पट रुंद आहे, त्यात सगळं आलं.

मग चाकं कशाला ठेवतात? कारण डांबरी रस्त्यावर चाकाची गाडी स्वतः लांबवर पळते, ट्रेलर लागत नाही, डिझेल कमी खाते, दुरुस्ती सोपी. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाकडे बीटीआर-80 आहेत, काळ्या मातीतून जायचं असतं तर कुणी त्या घेतल्या नसत्या.

14 जानेवारी

जोंगा आली. मामाजींनी पेन्शनमधून घेतली, लिलावात उचललेली, कागद सगळे तपासून. संग्रहातली एकच खरी गाडी, आणि तिला चिलखतच नाही. तरी तिची जागा इथेच आहे. जबलपूरच्या कारखान्यात 1969 ते 1999 बनली, मूळ निसानची पॅट्रोल ही गाडी, सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं इंजिन. हिच्यावर 106 मिमीची रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) तोफ बसवत. 1965 मध्ये खेमकरणजवळ कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या अशाच तोफेने पॅटन फोडले आणि तिथेच वीरमरण पत्करलं. मिलिमीटरभर पत्र्याच्या गाडीतून चाळीसहून जास्त टनांच्या टँकवर नेम धरायला काय छाती लागते, ते टी-55 ची प्लेट हातात घेऊन मग जोंगाच्या बोनेटवर हात ठेवला की समजतं.

रंगाचा एक नियम सगळ्यांना सांगावा असा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121 व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याची सोडून कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. गाडी राखाडी करतो आहे. रेड ऑक्साइडचा हात आज मारून झाला.

26 जानेवारी

झेंडावंदनानंतर पोरं आली. नमुने सगळे पाठमोरे. सहावीतल्या पोरीने बीएमपी उचलली, टी-55 ला दोघांनी हात घातला तेव्हा हलली. सर्वांत जास्त गर्दी आरशापाशी आणि मातीच्या पेटीपाशी. सरपंचांनी गोदाम वाचनालयाच्या नावाने करायचं ग्रामसभेत मांडतो म्हणून सांगितलं.

2 फेब्रुवारी

एका पोराने विचारलं होतं, अर्जुन सर्वांत भारी आहे तर सगळे अर्जुनच का नाही ठेवत? उत्तर लिहून पाटी करतो आहे. अर्जुन मार्क-1ए 68 टनांचा. पंजाबच्या कालव्यांवरचे पूल, रेल्वेचे वॅगन, डोंगरातले रस्ते यांतल्या कितीतरींना एवढं वजन पेलत नाही. उंचावर आधी हलकाच टँक गेला. 1 नोव्हेंबर 1948 ला झोजी ला खिंडीत 7 कॅव्हलरीचे स्टुअर्ट, 1962 मध्ये चुशूलला विमानातून उतरवलेले फ्रेंच एएमएक्स-13. पुढे लडाखमध्ये टी-72 आणि टी-90 नेले, पण त्याच अनुभवातून 25 टनांच्या झोरावरचं काम निघालं आणि जुलै 2024 मध्ये त्याचा पहिला नमुना दाखवला गेला. 105 मिमीची तोफ, वजन टी-72 च्या साठ टक्क्यांच्या आसपास.

झोरावर आत्ता करत नाही, मापं हाती नाहीत. त्याआधी स्टुअर्ट, त्याचा सुरुवातीचा प्रकार. मामाजी म्हणतात त्याच्या पुढच्या पत्र्याच्या खिट्ट्या दिसल्या पाहिजेत, नुसता वेल्ड चालणार नाही. 3 मिमीचे रिवेट वर्ध्याहून मागवले. 4 मिमीची प्लेट शिल्लक आहे, चाकं बुधवारी लेथवर टाकतो.